नंदे, 'अपस्टेअर्स' शिकवायचं राहिलं होतं

नंदे, आज पुन्हा तुझ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. हॉर्नसुद्धा वाजवला. मग लक्षात आलं, आणि मुरुमच्या भर बाजारात, केळीच्या गाड्यासमोर, डोक्यात हेल्मेट तसंच ठेवून मी रडले. केळीवाला म्हणाला, "बाई, पाणी देऊ का?" मी म्हटलं, "नको, केळी दे." नको असलेली केळी घेऊन सास्तूरला शाळेत गेले आणि पोरांना वाटून टाकली. तू असतीस तर म्हणाली असतीस, सुमन, तुझं रडणंसुद्धा खर्चिक आहे बाई.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. भेटायला येणारे म्हणतात, देवानं हाल केले नाहीत, चांगलं मरण दिलं. म्हणणाऱ्यांचं काय जातं! सकाळी छातीत कळ येते, सोलापूर यायच्या आत सगळं आटोपतं, याला चांगलं म्हणायचं तर मग वाईट म्हणायचं तरी कशाला? मला तुझा राग आलाय. खराखुरा राग. आपलं भांडण अर्ध्यावर होतं आणि तू "उद्या सांगते" म्हणून गाडीवरून उतरलीस. इतकी वर्षं एका गाडीवर बसून जाणाऱ्या माणसानं असं करू नये.

तुझे इंग्रजीचे तास सध्या माझ्याकडं आलेत. हस, पोटभर हस. मराठीच्या बाईला इंग्रजीच्या तासाला उभं केलंय. पहिल्याच दिवशी घंटा झाली आणि मी ऐटीत म्हटलं, "नाऊ गो टू होम." सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "बाई, टू न्हाय! गो होम!" मागच्या बाकावरची एक पोरगी समजावणीच्या सुरात म्हणाली, "नंदाबाई म्हनायच्या, घराकडं जाताना मधी कुनी लागत न्हाय." मी हो म्हटलं आणि फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.

तुझं शिकवणं मला कधी पटलं नाही, हे तुला ठाऊकच आहे. मी म्हणायची, अगं, 'हियर' म्हणजे इथं, 'देअर' म्हणजे तिथं, सांगून मोकळी हो. तुझ्या घरात तर कानडीतलं 'इल्ली' आणि 'अल्ली' आहेच, पोरांना तेही सांग, चार भाषा होतील. तू ऐकायची नाहीस. खडूनं जमिनीवर गोल काढायचीस, एकाला गोलात उभं करायचीस, दुसऱ्याला पार दाराशी. दाराशी उभ्या पोराला विचारायचीस, "व्हेअर आर यू?" तो म्हणायचा, "आय ॲम देअर." तू त्याच्यावर चिडली नाहीस कधी. चालत त्याच्याजवळ जायचीस, त्याला खेटून उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "आता बोल." पोरगं डोकं खाजवायचं. "बाई, आता तुमीबी हितंच हाव की. मंजी हियर." तू अशी खूष व्हायचीस की जसं काही पोरगं कलेक्टर झालं.

जागेचे शब्द पाठ करून येत नाहीत, त्या जागी जाऊन उभं राहावं लागतं, हा तुझा हेका. मी विचारलं होतं, मग 'ॲब्रॉड' शिकवायला सगळा वर्ग विमानात बसवणार का? त्यावर तू पेपरातलं एक वाक्य मला वाचून दाखवलंस. एका पोरानं लिहिलं होतं, 'माय अंकल इज ॲब्रॉड इन पुणे.' आपण दोघी स्टाफरूममध्ये पदराआड हसलो. मग तूच पेपर मिटलास. म्हणालीस, "सुमन, तो चुलता तीन दिवाळ्या झाल्या गावाकडं आला नाही. पोराचं काय चुकलं?" मार्क मात्र दिला नाहीस. माया वेगळी आणि मार्क वेगळे, हे तुझं मला आवडायचं. सांगितलं नव्हतं कधी.

आणखी एक आठवलं. पुस्तकातलं चित्र होतं, रात्र झाली आहे, घरचे सगळे आत झोपले आहेत, वाक्य पूर्ण करा. उत्तर 'इनडोअर्स'. आपल्या निम्म्या वर्गानं 'आउटडोअर्स' लिहिलं. मी म्हटलं, ढ आहेत सगळी. तू म्हणालीस, ढ नाहीत, त्यांच्या घरी अजून अंगणात बाजा टाकतात. थंडी पडल्याशिवाय म्हातारी माणसं आत येत नाहीत. भूकंपाला इतकी वर्षं झाली, सास्तूर नव्यानं वसलं, पत्र्याची घरं गेली, पक्की आली, आता तर कुठं कुठं दुमजली घरंही उभी राहिलीत. तरी ज्यांच्या अंगावर एकदा घर पडलं, त्यांचं अंग छताखाली टेकत नाही. ते उत्तर तू बरोबर धरलंस. त्यावरून हेडसरांशी वाद घातलास तो वेगळाच.

आणि मग तुझं ते 'अपस्टेअर्स'. त्या वर्षी सहावीची पोरं वर म्हटलं की सगळीकडं 'अबव्ह' लावायची. पंखा अबव्ह, चिमणी अबव्ह, आणि मामा माडीवर राहतो तर तोही अबव्ह. मामा काय छताला लटकतो का, असं तू विचारलंस, पोरं हसली आणि परत तेच लिहिलं. मग एका रविवारी तू टमटम ठरवलीस आणि अख्खा वर्ग मुरुमला तुझ्या घरी आणलास. मी येणार नव्हते. पण तुझ्या आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी असल्यावर कोण नाही म्हणेल?

तुमचा तो अंगणातून वर जाणारा दगडी जिना! पोरं 'अपस्टेअर्स' ओरडत वर जायची, 'डाउनस्टेअर्स' ओरडत खाली यायची. गल्लीतली माणसं दारात येऊन बघायला लागली, की या घरात लग्न आहे की भांडण. तुझी आई, आपली अव्वा, वरच्या खोलीत बसून येईल त्या पोराच्या हातात भाकरीचा तुकडा ठेवत होती. तिचे गुडघे तेव्हाच गेले होते, ती वरची खाली येत नव्हती. आणि एक पोरगी खालची वर जात नव्हती. नळाजवळ उभी. दोन वेण्या, ओठ घट्ट मिटलेले. ती स्वाती.

"भीती वाटते का गं?" तू विचारलंस.

"न्हाय. आजीनं शपत घातलीया. जिना चढलीस तर माजं मेलेलं तोंड बघशील म्हनली."

तू तिला एका शब्दानंही आग्रह केला नाहीस. वर जाऊन दोन ताटं आणलीस आणि तिच्याजवळ अंगणातच जेवायला बसलीस. वरून पोरं बोलवत होती, तू हात हलवून नाही म्हणत होतीस. त्या दिवशी मला वाटलं, ही बया शिक्षिका म्हणून बरी आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तू मला घेऊन स्वातीच्या घरी गेलीस. सोजर आजी अंगणात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही, आपल्याला बसाही म्हटलं नाही. तू आपली भुईवर बसलीस, सुपातल्या तुरीचे खडे निवडायला लागलीस. अर्धं सूप निवडून झाल्यावर ती बोलली. जुन्या गावात त्यांचं माळवदाचं घर होतं, वर माडी. थोरली लेक माडीवर आजीपाशी, म्हणजे सोजर आजीच्या सासूपाशी, निजायची. "धाकट्याचं पोट लई दुकाय लागलं म्हनून म्या त्याला घिऊन भाईर आले. ती वरच ऱ्हायली." धाकटा म्हणजे स्वातीचा बाप, तेव्हा आठ वर्षांचा. एवढंच बोलली आणि पुन्हा पाखडायला लागली. परत येताना गाडीवर माझ्या पाठीला तुझं कपाळ टेकलेलं कळत होतं.

तेव्हापासून तू जातच राहिलीस. संक्रांतीला तिळगूळ घेऊन, वेळ अमावास्येच्या सणाला भज्जी खायला, काही नाही तर नुसती. स्वाती दहावी झाली, शाळेतून गेली, तरी तुझं जाणं थांबलं नाही. सोजर आजी तुला 'कानडी बाई' म्हणायची. एकदा माझ्यासमोर तिनं तुला विचारलं, "कानडी बाई, तुमी वर ऱ्हाता, तुमाला काय भ्याव वाटत न्हाय?" तू म्हणालीस, "वाटतं की आजी. पाय वाजला तरी जागी होते." मला ते नवीन होतं. इतकी वर्षं तुझ्या घरी येऊन तू मला हे कधी सांगितलं नव्हतंस.

यंदा स्वाती बारावी झाली आणि लातूरला नर्सिंगला नंबर लागला. पोरगी नाचत तुझ्याकडं आली. दुसऱ्या दिवशी रडत आली. हॉस्टेलला पहिल्या वर्षाच्या पोरींच्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर. सोजर आजीनं ऐकलं आणि एका वाक्यात विषय संपवला. "माजी नात वर निजायची न्हाय." बाप आईच्या शब्दाबाहेर नाही. आणि पोरगी शपथेच्या बाहेर नाही. प्रवेश घ्यायचे दिवस सरत चालले, आणि तू रोज संध्याकाळी माझी गाडी सोजर आजीच्या दाराकडं वळवायला लागलीस.

आपलं भांडण झालं ते यावरूनच. शुक्रवार होता. त्या दिवशी म्हातारीनं तुला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. येताना रस्त्याला मी म्हटलं, "नंदे, सोड त्या म्हातारीचा नाद. तिचं लेकरू गेलंय माडीखाली. तिचं भिणं हा तिचा हक्क आहे. तू कोण तिला शहाणपण शिकवणार?"

"मी तिला कुठं म्हणते वर चढा म्हणून? पोरीला जाऊ द्या म्हणते."

"दोन्ही एकच."

"एकच नाही."

"कसं नाही? सांग की."

तोवर तुझी गल्ली आली. तू उतरलीस, पदर सारखा केलास, पिशवी घेतलीस. "आत्ता अव्वाला गोळी द्यायचीय. उद्या सांगते." आणि मी मागं न बघता गाडी वळवली. शनिवारी सकाळी तुझ्या भावाचा फोन आला.

काय सांगणार होतीस गं? मी रोज जाता-येता विचार करते. कधी वाटतं, तुझ्याकडं चोख उत्तर होतं. कधी वाटतं, काहीच नव्हतं, तू फक्त एक रात्र मागून घेतलीस. माझ्याशी हरणं तुला कधी जमलं नाही. मला तरी कुठं जमलं!

आता तुला जे सांगायचं आहे ते सांगते, त्यासाठीच लिहायला बसले.

तुझी माती झाल्यावर पुढच्या सोमवारी मी अव्वापाशी बसले होते. ती बोलत नाही. तुझ्या उशीवर हात ठेवून बसते आणि मध्येच 'इल्ली बा' म्हणते, इकडं ये म्हणते. कुणाला म्हणते ते विचारायची माझी छाती होत नाही. खाली अंगणात रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी खिडकीतून बघितलं तर सोजर आजी. नेसूचं पातळ धुवट, अंगावर घोंगडी, सोबत स्वाती. मी धावत खाली गेले.

म्हातारी जिन्यापाशी उभी होती. वर बघत नव्हती, पहिल्या पायरीकडं बघत होती. "कानडी बाईची आई कुटं हाय?"

"वर आहेत. गुडघ्यानं खाली येता येत नाही त्यांना. तुम्ही इथंच बसा आजी, मी सांगते त्यांना तुम्ही आलात म्हणून."

तुझा भाऊ अंगणातच होता, म्हणाला, "खुर्चीत बसवून आणतो की आईला खाली. मी आणि रिक्षावाला धरतो."

तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो जागीच थांबला. "जिची लेक गेली तिला खाली बोलवायचं? आन् म्या अंगनातनं भेटायचं? गळ्यात पडल्याबिगर भेट व्हती का कुटं?" मग माझ्याकडं वळली. "ती बाई माज्या भुईवर येऊन बसायची. म्या तिला पानी बी दिलं न्हाय त्या दिशी."

आपल्याकडं ही रीतच आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. मयताच्या घरी दारातून भेट होत नाही. आई बसली असेल तिथंवर जावं लागतं, तिच्या गळ्यात पडून रडावं लागतं, नाहीतर आल्याला अर्थ नाही. पण मी म्हटलं, "राहू द्या आजी, नंदाला सगळं ठाऊक होतं. तिला राग येणार नाही." खरंच म्हटलं. तुझ्या वाटणीचं भांडण करायला तू नव्हतीस, तरी मी माझं भांडत राहिले.

तिनं चपला काढल्या. स्वातीला म्हणाली, "तू हितंच थांब." आणि जिन्याकडं पाठ करून पहिल्या पायरीवर बसली. हात मागं टेकवून एक पायरी वर सरकली. पुन्हा हात, पुन्हा पायरी. तोंड अंगणाकडं, डोळे स्वातीवर. मी दोन पायऱ्या खाली, तिची पावलं धरून. घामानं चिंब झाली होती. मध्ये एकदा थांबली आणि तिच्या तोंडून एक नाव आलं, हळू. ते स्वातीचं नव्हतं. मी ते नाव पहिल्यांदाच ऐकलं, आणि इथं लिहिणार नाही. तुला तिनं कधी सांगितलं असेल तर तुला माहीत असेल.

वर पोचल्यावर ती उभी राहिली नाही. भुईला हात टेकत, भिंतीच्या कडेकडेनं अव्वापर्यंत गेली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. एक कानडीत रडत होती, एक मराठीत. तुझी आई तुला नंदव्वा म्हणत होती आणि सोजर आजी तिला म्हणत होती, "मला ठावं हाय, आक्का. मला ठावं हाय." त्यांना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. आपण दोघी जन्मभर भाषा शिकवत बसलो, नंदे.

तुझं खरं निघालं असं मी म्हणणार नाही. तू समजावलंस म्हणून ती चढली नाही. तू मेलीस म्हणून चढली. हे काय जिंकणं झालं? तू जिवंत असतीस, ती अंगणातच तूर पाखडत बसली असती आणि आपण दोघी गाडीवर भांडत घरी आलो असतो, तर मला चाललं असतं. पोरीचा नंबर हुकला असता तरी चाललं असतं. हे वाईट आहे, पण असंच आहे. तू माझी होतीस, नर्सिंग कॉलेज माझं नव्हतं.

रडणं ओसरलं. अव्वा थकून उशीला टेकली. सोजर आजीनं पदरानं तोंड पुसलं आणि खोलीकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तुझी बाज, भिंतीला टांगलेली तुझी पर्स, वरचे वासे. तळवा भुईवर दाबून धरला, बराच वेळ. खालून टेम्पो गेला, खिडकीची तावदानं थरथरली, तशी तिनं डोळे गच्च मिटले. मी तिचा खांदा धरला. मला वाटलं, आता ही खाली ने म्हणणार.

ती गुडघ्यांवर सरकत खिडकीपाशी गेली. गज दोन्ही हातांनी धरले आणि अंगणात बघितलं. नळाजवळ स्वाती उभी होती, मान वर करून.

"वर ये गं," सोजर आजी म्हणाली.

पोरगी हललीच नाही. तिला ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुढं झाले, पण तिला ऐकू गेलं होतं. ती आजीच्या तोंडाकडं बघत होती.

"ये म्हनते न्हवं म्या. चढ. म्या हाय हितं वर."

पायऱ्यांवर पावलं वाजली, आधी हळू, मग धावत. नंदे, मी हसत मान वळवली, तुझ्याकडं बघायला. तुझ्या जागी तुझी आई झोपली होती.